नोंद टिकली तरच हक्क टिकतो: धाराशिवच्या तरुणांनी डेटाबेस सांभाळायला शिकावे

नोव्हेंबर २०२३च्या सुरुवातीला धाराशिवच्या जिल्हाधिकारी कार्यालयात एका मराठा तरुणाच्या हाती कुणबी प्रमाणपत्र पडले. न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचे काम तेव्हा जोरात सुरू होते. मराठवाड्यातल्या तहसील आणि भूमी अभिलेख कार्यालयांत निजामकाळातले दप्तर उघडले जात होते. कागद उर्दूत होते, मोडीत होते, आणि ते वाचणारी माणसे शोधावी लागत होती. पुढे २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटच्या आधारे शासन निर्णयही निघाला.

आरक्षणाबद्दल कोणाचे मत काहीही असो. ७५ वर्षांपूर्वी संपलेल्या राजवटीतल्या एका ओळीने आजच्या मुलाचा कॉलेजचा प्रवेश आणि नोकरीचा अर्ज बदलला, हे आपण डोळ्यांनी पाहिले. ती ओळ टिकली, कारण कोणी तरी कारकुनाने ते दप्तर रुमालात बांधून, नंबर टाकून, कोरड्या जागी ठेवले होते. त्या कारकुनाचे नाव कोणाला माहीत नाही. त्याचे काम मात्र अजून चालू आहे.

आता कारकुनाच्या जागी डेटाबेस आला आहे. त्या डेटाबेसची किल्ली कोणाकडे असेल आणि तो बिघडला तर परत कोण उभा करेल, हा प्रश्न मराठी मुस्लिम तरुणांनी आपला मानला पाहिजे.

वक्फने शिकवलेला धडा

६ जून २०२५ रोजी केंद्र सरकारने 'उमीद' पोर्टल सुरू केले. देशातल्या प्रत्येक नोंदणीकृत वक्फ मालमत्तेचा तपशील सहा महिन्यांत त्यावर भरायचा होता. पोर्टल संथ चालते, मधेच अडकते, अशा तक्रारी देशभरातून आल्या. १ डिसेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरसकट मुदतवाढ दिली नाही, ज्यांना अडचण असेल त्यांनी वक्फ न्यायाधिकरणाकडे जावे असे सांगितले. मुदत संपली तेव्हा सुमारे ५ लाख १७ हजार मालमत्तांच्या नोंदी सुरू झाल्या होत्या आणि त्यांतल्या सुमारे २ लाख १७ हजार मंजूर झाल्या होत्या.

कायद्याबद्दलचे आपले आक्षेप कायम आहेत आणि ते न्यायालयात मांडले गेले आहेत. पण त्या सहा महिन्यांनी आपल्या घरातलीही एक उणीव दाखवली. मराठवाड्यातल्या मशिदी, दर्गे, कब्रस्ताने यांचा पुरावा मुंतखब, खासरा पत्रक, जुने सातबारा अशा कागदांत आहे. हे कागद मुतवल्लींच्या पेटीत, कुठे वकिलाच्या फाइलीत, कुठे कोणाच्या मोबाइलच्या गॅलरीत. अनेक ठिकाणी यादी नाही, स्कॅन नाही, दुसरी प्रत नाही. शेवटच्या आठवड्यात 'संगणक जाणणारा मुलगा' शोधायची धावपळ झाली.

माहिती पोर्टलवर गेली म्हणजे काम संपले, असे पुष्कळांना वाटते. पोर्टल सरकारचे आहे, त्याची दुरुस्ती आणि बॅकअप सरकार करेल. पण उद्या एखाद्या नोंदीतले क्षेत्र चुकीचे दिसले, एखादी नोंद फेटाळली गेली, तर 'आम्ही अमुक तारखेला हे भरले होते आणि हा त्याचा कागद' असे सांगणारी आपली स्वतःची, तारखेनिशी जपलेली प्रत कुठे आहे? जन्म प्रमाणपत्रांचेही तेच. २०२५च्या सुरुवातीला राज्य सरकारने उशिरा दिलेल्या जन्म प्रमाणपत्रांची तपासणी सुरू केली, तेव्हा जुना शाळा सोडल्याचा दाखला कोणत्या रजिस्टरमध्ये आहे, हे शोधत कुटुंबे फिरली. मूळ रजिस्टर सुस्थितीत असलेल्या शाळेने एका दिवसात उतारा दिला असेल. ज्या शाळेत वाळवी लागली तिथे काय झाले असेल, हे सांगायला नको.

डेटाबेस चालवणे म्हणजे काय

आपल्या जिल्ह्यात संगणक शिक्षण म्हणजे बहुतेकांना एमएससीआयटी, टॅली किंवा वेबसाइट बनवण्याचा कोर्स आठवतो. डेटाबेस शिकवला जातो तोही प्रश्न विचारण्यापुरता: टेबल तयार करा, दोन टेबले जोडा, उत्तर काढा. मोडलेला डेटाबेस परत उभा करा, असा प्रश्न परीक्षेत कोणी विचारत नाही. नोकरीत मात्र खरी कसोटी तीच असते.

डेटाबेस प्रशासकाला तीन कामे एकत्र यावी लागतात: नेटवर्क, बॅकअप आणि रिकव्हरी. ही तीन वेगळी शिकवली की माणूस अर्धवट तयार होतो. तिघांचा संबंध कसा आहे ते पाहू.

समजा जिल्ह्यातल्या एका शिक्षण संस्थेकडे विद्यार्थ्यांचे दाखले आणि स्कॅन मिळून २०० जीबी डेटा आहे. रोज रात्री त्याची पूर्ण प्रत पुण्याच्या सर्व्हरवर पाठवायची ठरले. संस्थेच्या इंटरनेटचा अपलोड वेग २० एमबीपीएस आहे. साधा गुणाकार केला तर ही प्रत जायला २२ तास लागतात. म्हणजे सकाळी शाळा उघडेल तेव्हा बॅकअप अजून चालूच असेल आणि लाइन गेली की अर्ध्यावर तुटेल. ज्याला फक्त बॅकअपची कमांड येते त्याला हे दिसणार नाही. ज्याला नेटवर्क कळते तो पहिली पूर्ण प्रत कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट केलेल्या हार्डडिस्कवर हाताने पोहोचवेल आणि त्यानंतर रोज फक्त बदललेला भाग पाठवेल.

नेटवर्कची दुसरी बाजू दाराची आहे. पोस्टग्रेस डेटाबेस ५४३२ आणि मायएसक्यूएल ३३०६ या पोर्टवर ऐकत असतो. घरून काम करता यावे म्हणून कोणी हे दार थेट इंटरनेटवर उघडे ठेवले, तर ते शोधणारे प्रोग्राम चोवीस तास फिरतच असतात. जानेवारी २०१७ मध्ये पासवर्डशिवाय उघडे असलेले हजारो मोंगोडीबी डेटाबेस असेच पुसले गेले आणि जागेवर खंडणीची चिठ्ठी ठेवली गेली. आत यायचे असेल तर व्हीपीएनमधून या, प्रत्येकाचे खाते वेगळे ठेवा, फायरवॉलमध्ये लागेल तेवढेच दार उघडा. या तीन सवयी कोणत्याही महागड्या सॉफ्टवेअरपेक्षा जास्त वाचवतात.

बॅकअप आहे, पण परत येतो का?

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्समध्ये सर्व्हरवर हल्ला झाला. हे मोठे सरकारी रुग्णालय सुमारे दोन आठवडे कागदावर चालले. रुग्णांची नोंदणी, तपासण्यांचे अहवाल, सगळे हाताने. जुलै २०२४च्या अखेरीस सी-एज या कंपनीवर रॅन्समवेअर हल्ला झाला आणि देशभरातल्या सुमारे ३०० लहान सहकारी आणि ग्रामीण बँकांचे ऑनलाइन व्यवहार थांबले. मार्च २०२१ मध्ये आपल्या राज्याच्या एमआयडीसीची संगणक यंत्रणाही अशीच ठप्प झाली होती.

हल्लाच व्हावा लागतो असेही नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या नामांकित कंपनीत एका थकलेल्या अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवर डेटा पुसण्याची कमांड दिली. कंपनीकडे बॅकअपच्या पाच पद्धती होत्या. गरज पडली तेव्हा एकही नीट चालत नव्हती. काहींची फाइलच तयार होत नव्हती आणि अपयशाचे ईमेल कोणापर्यंत पोहोचत नव्हते. सहा तासांपूर्वी योगायोगाने काढलेली एक प्रत होती म्हणून कंपनी वाचली. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियातल्या देजॉन शहरात सरकारी डेटा सेंटरला आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांच्या कामाच्या फाइलींचा ८५८ टेराबाइटचा साठा गेला. दुसरीकडे त्याची प्रतच नव्हती.

यातून तीन नियम निघतात. पहिला, तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक दुसऱ्या गावात. आणि निदान एक प्रत अशी की जी रोजच्या नेटवर्कला जोडलेलीच नाही, म्हणजे व्हायरस तिथपर्यंत जाणार नाही. दुसरा, दोन सर्व्हर एकमेकांची नक्कल करतात म्हणून बॅकअप झाला असे समजू नका. एकावर चुकून पुसले की क्षणात दुसऱ्यावरही पुसले जाते. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा, परत आणून पाहिलेला नाही तो बॅकअप धरू नका.

आपल्याला हे समजायला परदेशी उदाहरणांची गरजही नाही. यमामाच्या लढाईत अनेक हाफिज शहीद झाले तेव्हा हजरत उमर (रजि.) यांनी कुरआन एकत्र लिहून ठेवण्याची गरज हजरत अबू बक्र (रजि.) यांच्यापुढे मांडली. हजरत जैद बिन साबित (रजि.) यांनी लिखित तुकडे आणि हाफिजांचे पाठांतर एकमेकांशी पडताळून हे काम केले. पुढे हजरत उस्मान (रजि.) यांच्या काळात प्रती करून वेगवेगळ्या शहरांत पाठवल्या गेल्या. प्रती अनेक, जागा वेगवेगळ्या, आणि प्रत्येक प्रतीची पडताळणी. शिवाय दरवर्षी रमजानमध्ये दौर होतोच. दौर सोडलेल्या हाफिजाची काय अवस्था होते ते तरावीहमध्ये मागे उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळते. न तपासलेला बॅकअप तसाच असतो: आहे असे वाटते, ऐनवेळी आयत आठवत नाही.

धाराशिवचीच गरज का

आपला जिल्हा आपत्ती ओळखतो. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे भूकंपाने लातूर आणि धाराशिवमधली गावे जमीनदोस्त केली, हजारो माणसे गेली. सास्तूरच्या परिसरात घरांबरोबर घरातले कागदही ढिगाऱ्यात गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये परंडा आणि भूम तालुक्यांत पुराने लोकांना छतावर चढवले. पाणी ओसरल्यावर अंगणात वाळत घातलेली वह्या-पुस्तके आणि कागदपत्रे आपण सगळ्यांनी पाहिली. ज्या इमारतीत सर्व्हर आहे त्याच इमारतीच्या कपाटात बॅकअपची डिस्क असेल, तर अशा दिवशी दोन्ही एकदमच जातात. दुसरी प्रत सोलापूर, लातूर किंवा पुण्यात असणे ही आपल्याकडे चैन नाही.

दुसरे कारण आपल्या इतिहासाचे आहे. इथले जुने दप्तर उर्दूत आहे आणि त्यात फसली सन आहे. फसली सनात ५९० मिळवले की साधारण इसवी सन येते. एखाद्या ऑपरेटरने 'फसली १३४३' हे आकडे तसेच इसवी सनाच्या रकान्यात टाकले, तर १९३३-३४ सालची नोंद सहा शतके मागे जाते आणि शोधात कधी सापडत नाही. 'शेख' आणि 'शैख', 'सय्यद' आणि 'सैयद' यांतला फरक संगणकासाठी दोन माणसांचा फरक असतो. जिल्ह्याचेच पाहा. २०२३ मध्ये उस्मानाबादचे अधिकृत नाव धाराशिव झाले. त्या निर्णयाचे दुःख अनेकांना आहे. पण तुमच्या दहावीच्या प्रमाणपत्रावर एक नाव आणि बारावीच्या प्रमाणपत्रावर दुसरे असेल, तेव्हा नोंद ठेवणाऱ्याला जिल्हा नावाने न ओळखता क्रमांकाने ओळखता आला पाहिजे. जुने नाव पुसायचे नसते. कोणते नाव कोणत्या तारखेपर्यंत होते, हे शेजारी लिहायचे असते. जुनी नोंद न पुसता दुरुस्ती जोडत जाणे हे चांगल्या डेटाबेस प्रशासकाचे पहिले शील आहे.

मराठी, उर्दू आणि डेटाबेस ही तिन्ही येणारी माणसे महाराष्ट्रात किती असतील? आपल्या उर्दू शाळांतून निघालेली आणि मराठीत व्यवहार करणारी मुले-मुली या कामासाठी आधीच अर्धी तयार आहेत.

काय शिकवायचे, कसे शिकवायचे

यासाठी मोठी इमारत लागत नाही. तीन-चार जुने संगणक, एक स्विच, एक बाहेरची हार्डडिस्क आणि एक यूपीएस एवढ्यावर प्रयोगशाळा उभी राहते. पोस्टग्रेस, मारियाडीबी, लिनक्स आणि व्हर्च्युअलबॉक्स ही सगळी साधने मोफत आहेत. बारा आठवड्यांच्या बॅचचा आराखडा असा असू शकतो.

पहिले तीन आठवडे नेटवर्क: आयपी पत्ता, सबनेट, पोर्ट, फायरवॉल, व्हीपीएन, आणि 'जोडणी का होत नाही' हे पायरीपायरीने शोधणे. पुढचे तीन आठवडे डेटाबेसची रचना, खाती, अधिकार, युनिकोडमध्ये देवनागरी आणि उर्दू नीट साठवणे. मग तीन आठवडे बॅकअप: पूर्ण प्रत, बदलांची प्रत, आणि डेटाबेस प्रत्येक बदल ज्या लॉगमध्ये लिहितो तो लॉग जपणे. हा लॉग असेल तर दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी कोणी टेबल पुसले, तरी तीन वाजून नऊ मिनिटांच्या स्थितीला परत जाता येते. शेवटचे तीन आठवडे फक्त मोडतोड. शिक्षकाने न सांगता डिस्क काढावी, फाइल खराब करावी, वीज तोडावी. मुलांनी घड्याळ लावून डेटाबेस परत आणावा आणि काय केले ते मराठीत लिहून काढावे.

प्रत्येक संस्थेला विचारायचे दोन प्रश्न मुलांना पाठ हवेत. किती वेळाचा डेटा गेला तर चालेल? आणि किती वेळात परत सुरू व्हायला हवे? वाचनालयाला एक दिवस चालेल. दवाखान्याच्या केस पेपरला एक तासही चालणार नाही. या दोन उत्तरांवरून खर्च ठरतो, उलट नव्हे.

शिकताना कामही करता येईल. जिल्ह्यात आठ तालुके आहेत. प्रत्येक तालुक्यातली एक शाळा, एक मशीद ट्रस्ट, एक पतसंस्था घेतली तरी चोवीस संस्था होतात. संस्थांच्या लेखी परवानगीने त्यांच्या नोंदींची यादी, स्कॅन आणि दोन ठिकाणची प्रत एवढे केले, तर बॅचचा अनुभवही होईल आणि समाजाचे कामही. यात मुस्लिम संस्थांपुरतेच थांबू नका. शेजारच्या गावच्या वाचनालयाचे रजिस्टरही तितकेच नाजूक आहे.

सरकारकडेही मागणी करायला हवी. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने अल्पसंख्याकांसाठी 'मार्टी' या संशोधन आणि प्रशिक्षण संस्थेला मंजुरी दिली. तिच्या कार्यक्रमात हा अभ्यासक्रम असावा, आणि आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत असलेल्या धाराशिवला पहिल्या बॅचमध्ये स्थान मिळावे, असे निवेदन आपण द्यायला हरकत नाही.

दोन शंका

'आता सगळे क्लाउडवर असते, हे शिकून काय उपयोग?' मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या पेन्शन फंडाचे गूगल क्लाउडवरचे प्रायव्हेट क्लाउड खाते गूगलच्याच चुकीने पुसले गेले. सहा लाखांहून अधिक सभासदांचा हा फंड पुन्हा उभा राहिला, कारण कोणी तरी शहाण्याने दुसऱ्या कंपनीकडे वेगळी प्रत ठेवली होती. क्लाउड म्हणजे भाड्याची जागा. सामान आपले आणि जबाबदारीही आपली.

'एआय हे सगळे करेल.' जुलै २०२५ मध्ये रेप्लिट या कंपनीच्या एआय साधनाने बदल करू नको असे सांगितलेले असताना एका उद्योजकाचा चालू डेटाबेस पुसला. साधने वेगवान झाली की चूकही वेगवान होते, आणि परत आणणाऱ्याची किंमत वाढते. शिवाय डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ आणि त्याचे नोव्हेंबर २०२५चे नियम यांनी सुरक्षेची आणि बॅकअपची जबाबदारी डेटा बाळगणाऱ्या संस्थांवर टाकली आहे. दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. रुग्णालये, शाळा, पतसंस्था यांना अशी माणसे लागणारच.

मुलींसाठी हे क्षेत्र विशेष सोयीचे आहे, कारण पुष्कळसे काम दुरून होते. पण 'घरी बसून' याचा अर्थ कमी पगार किंवा अर्धवट शिक्षण असा होऊ देऊ नका. रात्री दोन वाजता सर्व्हर पडला तर फोन येईल, तो घेण्याची तयारी आणि घरच्यांची साथ दोन्ही लागतील. नोकरी लगेच मिळेल असे आश्वासनही कोणी देऊ नये. सुरुवात बहुधा सपोर्टच्या कामाने होते. सहा महिन्यांत एकदा तरी खरी रिकव्हरी केलेला उमेदवार मात्र मुलाखतीत वेगळा ओळखू येतो.

कुरआनमधली सर्वांत लांब आयत सूरह बकराची, आणि तिचा विषय आहे देण्याघेण्याची नोंद लिहून ठेवणे आणि त्याला साक्षीदार ठेवणे. लिहिणाऱ्यावर आणि साक्षीदारावर किती जबाबदारी आहे हे तिथे सविस्तर आले आहे. दुसऱ्याची माहिती आपल्या हाती असणे ही अमानत आहे. ती फोडायची नाही आणि हरवायचीही नाही.

पुढचा महिना सुरू होण्यापूर्वी एवढे करून पाहा. आपल्या मोहल्ल्यातल्या एका संस्थेत जा, तिच्या पदाधिकाऱ्यांना विचारा की मूळ नोंदी कुठे आहेत, दुसरी प्रत कुठे आहे आणि ती शेवटची कधी उघडून पाहिली. तिसऱ्या प्रश्नावर शांतता पसरली, तर बॅच कुठून सुरू करायची ते तुम्हाला कळले.